एनपीचा अर्ज भरण्याआधी: हॉस्पिस नर्ससाठी

वर्षातून पाच-सहा वेळा तरी मला हा फोन येतो. समोरच्या मुलीची हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवेत, तीन-चार वर्षं झालेली असतात, आवाज थकलेला असतो, आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की ती मुद्द्यावर येते: "ताई, मी एनपी करू का?" एनपी म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर: पुढे शिकून स्वतः रुग्ण तपासण्याचा आणि औषध लिहून देण्याचा अधिकार मिळालेली नर्स. मी लगेच उत्तर देत नाही. विचारते, "कामावरचा शेवटचा चांगला दिवस कोणता होता, सांग बघू."

एक जण म्हणाली, "परवा एका आजोबांना धाप लागली होती, तीन रात्री खुर्चीतच बसून होते. मी डॉक्टरांना फोन करून औषध बदलून घेतलं, तर संध्याकाळी चक्क आडवे होऊन झोपले." तिला म्हटलं, बस, बोलू आपण. दुसरी म्हणाली, "ऑन-कॉल नव्हता तो रविवार." तिला सांगितलं, बाई गं, तुला कॉलेज नकोय, दुसरी हॉस्पिस एजन्सी हवीय.

हे मी शहाणपणानं सांगते असं कुणी समजू नये. हॉस्पिसमधल्या सातव्या वर्षी, एका आठवड्यात पाच मृत्यू झाले तेव्हा, पहाटे तीन वाजता मी स्वतः एनपीचा अर्ज भरत बसले होते. 'तुम्हाला नर्स प्रॅक्टिशनर का व्हायचं आहे?' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. खरं उत्तर होतं 'झोप हवी आहे म्हणून'. लॅपटॉप मिटला. नंतर चार वर्षांनी तोच रकाना भरायला दहा मिनिटंही लागली नाहीत, कारण तोवर मला डॉक्टरांना फोन करण्याचा कंटाळा यायला लागला होता. काय करायचं ते मला ठाऊक असायचं, फक्त ते लिहून देण्याचा अधिकार नव्हता. एनपी करायला हे कारण पुरेसं आहे. थकवा हे कारण नव्हे, कारण एनपी झाल्यावर थकवा जात नाही, त्याची जागा बदलते. पायातून निघून डोक्यात जाऊन बसतो.

मी अमेरिकेत काम करते, त्यामुळे पुढचे सगळे नियम इथले आहेत.

आधी हॉस्पिसच्या आत फिरून घ्या

हॉस्पिस नर्स म्हटलं की लोकांना केस मॅनेजर दिसते: गाडीच्या मागच्या सीटवर सामान, हाताखाली बारा-चौदा रुग्ण, त्यांची घरं, त्यांची कुत्री, त्यांच्या सुना आणि जावई. पण त्याच एजन्सीत अ‍ॅडमिशन नर्स असते, रात्रीचे फोन घेणारी ट्रायाज नर्स असते, रुग्णांना दाखल करून ठेवतात त्या इनपेशंट युनिटची नर्स असते. एनपीकडे वळण्याआधी यांतली निदान दोन कामं मनापासून करा, असं माझं ठाम मत आहे.

अ‍ॅडमिशनचं काम करताना एका बैठकीत दोनशे पानांची फाइल चाळून 'हा माणूस सहा महिन्यांच्या आत जाईल असं का वाटतं' हे शोधायची सवय लागते. त्या सहा महिन्यांवर इथली सगळी हॉस्पिस व्यवस्था उभी आहे. मेडिकेअरचा (मुख्यतः वृद्धांसाठीच्या इथल्या सरकारी आरोग्यविम्याचा) हॉस्पिस लाभ १९८२च्या कायद्यानं आला आणि त्याची अट तीच: आजार आपल्या वाटेनं गेला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी आहे, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं. रात्रीच्या ट्रायाजमध्ये फोनवरचा आवाज ऐकून ठरवायला शिकता की आता गाडी काढायची, की सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल. इनपेशंट युनिटमध्ये औषधाचा डोस तासातासाला वर-खाली होताना समोर दिसतो. घरोघरी जाऊन रुग्ण बघणाऱ्या नर्सला तो परिणाम बघायला दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागते.

मी युनिटमध्ये फक्त पाच महिने होते. अजून वर्षभर राहायला हवं होतं. पुढे शिकताना ते फार जाणवलं.

ऑर्डर मागू नका, प्रस्ताव मांडा

आता जे सांगणार आहे ते एनपी न होणाऱ्यांनीही करावं. नर्सची एनपी होण्याची सुरुवात कॉलेजात होत नाही, फोनवर होते.

माझ्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडलेले एक गृहस्थ, मॉर्फिनवर होते. रात्री बायकोचा फोन आला: फार तळमळतायत, हातपाय झटकतायत. मी गेले, बघितलं, आणि डॉक्टरांना फोन लावला: "दुखणं वाढलंय, मॉर्फिन वाढवू का?" पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "लघवी किती झाली दिवसभरात?" मी बघितलंच नव्हतं. "आणि झटके दुखण्याचे आहेत की औषधाचे?" माझ्याकडे त्याचंही उत्तर नव्हतं. मॉर्फिन यकृतात मोडतं, पण त्यातून तयार होणारे पदार्थ मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडं थकली की ते साठतात आणि स्नायूंना झटके येतात. माणूस तळमळताना दिसतो, नर्स डोस वाढवते, झटके आणखी वाढतात. मी नेमकी तेच करायला निघाले होते. त्या रात्री मॉर्फिन बंद करून त्याच जातीचं दुसरं वेदनाशामक (ओपिऑइड) सुरू केलं, तेही हिशोब करून, कमी डोसनं. दुपारपर्यंत झटके थांबले होते.

त्यानंतर मी स्वतःला एक शिस्त लावली: काय करावं असं मला वाटतं ते कागदावर लिहिल्याशिवाय डॉक्टरांना फोन करायचा नाही. चुकलं तर चुकलं, पण आधी लिहायचं. समजा रुग्ण दीर्घकाळ टिकणारं मॉर्फिन ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतोय आणि वरून लागेल तसं १० मिलिग्रॅम, कालच्या चोवीस तासांत तीनदा. म्हणजे ६० आणि ३०, एकूण ९०. दुखणं या ९० मध्ये आटोक्यात राहतंय, पण माणूस सारखं औषध मागून कंटाळलाय. तर नेहमीचा डोस ४५ मिलिग्रॅम दोनदा करावा. लागेल तसा घ्यायचा मधला डोस दिवसाच्या एकूण मात्रेच्या साधारण १० ते १५ टक्के असावा, तो ९ ते साडेतेरा येतो, म्हणजे १० मिलिग्रॅम आहे तसाच चालेल. आणि शौचाला कधी झाली? बद्धकोष्ठतेचं औषध चालू आहे का? एवढं लिहिलेलं असलं की फोन असा होतो: "डॉक्टर, हा हिशोब आहे, मूत्रपिंडं ठीक आहेत, गुंगी नाही, मला ४५ दोनदा करावंसं वाटतं, तुम्हाला काय वाटतं?" 'तुम्हाला काय वाटतं' विसरू नका. तो शिष्टाचारही आहे आणि शिकवणीही. डॉक्टर 'नाही' म्हणाले तर 'का' विचारा, आणि ते 'का' त्याच कागदावर लिहून ठेवा. माझ्याकडे अशा तीन वह्या झाल्या. पुढे फार्माकॉलॉजीच्या पेपरला त्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त कामाला आल्या.

जाता जाता एक. तोंडावाटे द्यायचं घट्ट मॉर्फिन एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतं. '५ द्या' असं कुणी घरच्यांना सांगितलं आणि त्यांनी ५ मिलिलिटर भरले, तर ते १०० मिलिग्रॅम झालं. म्हणून दोन्ही माप एकाच वाक्यात बोला, "पाच मिलिग्रॅम, म्हणजे पाव मिलिलिटर", आणि सिरिंजवर त्या रेषेशी पेनानं खूण करून द्या. ही सवय एनपी झाल्यावर प्रिस्क्रिप्शन लिहितानाही सोडू नका.

'स्थिर आहे' हा शब्द फेकून द्या

नोंदी लिहिण्याचा सगळ्यांना कंटाळा असतो, मलाही होता. पण एनपी होऊन पहिल्यांदा दुसऱ्यांच्या नोंदी वाचायची वेळ आली, तेव्हा कळलं की आपण नर्स म्हणून काय काय लिहायचं टाळत होतो. 'रुग्ण आरामात, स्थिर.' यातून काहीच कळत नाही. मागच्या महिन्यात दंडाचा घेर २४ सेंटिमीटर होता, आज साडेबावीस. पीपीएस, म्हणजे रुग्ण स्वतःचं किती करू शकतो याची टक्केवारी, ५० वरून ४० वर. मागच्या वेळी काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जात होत्या, आता दोघांच्या आधारानं खुर्चीत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी फास्ट पट्टीवर (तो आजार किती वाढलाय ते मोजणारी) नेमका कुठला टप्पा, ७ अ की ७ क: दिवसभरात मोजके शब्द बोलतात, की आता चालणंच सुटलंय? अशी तुलना असलेल्या चार ओळी पानभर वर्णनाला भारी पडतात.

आणि उलटंही लिहा. रुग्ण सुधारला असेल, वजन वाढलं असेल, तर तेही तितक्याच स्वच्छपणे लिहायचं. हॉस्पिसमधून बरं होऊन बाहेर पडणारे लोक असतात. त्यांना कागदावर आजारी ठेवण्यासाठी एखादा शब्द घालायला कुणी सुचवलं, तर ती एजन्सी सोडायचा विचार करा. मी एक सोडली आहे.

प्रमाणपत्रं

यावर फार बोलण्यासारखं नाही. आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, असताना सीएचपीएन हे हॉस्पिस-पॅलिएटिव्ह नर्सचं प्रमाणपत्र करून घ्या: मागच्या १२ महिन्यांत हॉस्पिस किंवा पॅलिएटिव्ह (गंभीर आजारातला त्रास कमी करण्याच्या) कामाचे ५०० तास, किंवा २४ महिन्यांत १,००० तास झाले असले की परीक्षेला बसता येतं. पूर्ण वेळ काम करणाऱ्याचे ते सहज भरतात. एल्नेक नावाचं प्रशिक्षण २०००पासून चालू आहे, आयुष्याच्या शेवटाची शुश्रूषा शिकवण्यासाठीच निघालेलं. एजन्सी पैसे भरत असेल तर नक्की करा. एनपी झाल्यावर सीएचपीएनच्या पुढची पायरी एसीएचपीएन.

कुठला ट्रॅक घ्यायचा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगते. ट्रॅक म्हणजे एनपीच्या शिक्षणातली शाखा, आणि 'हॉस्पिस एनपी' असा ट्रॅक नसतो. एनपीचं लायसन्स लोकसमूहावर मिळतं: कुटुंब म्हणजे सगळी वयं, प्रौढ आणि वृद्ध, बालक, नवजात, स्त्रियांचं आरोग्य, मानसिक आरोग्य. प्रौढ-वृद्धांमध्ये पुन्हा दोन फाटे, प्रायमरी (रोजची, दीर्घकाळची देखभाल) आणि अ‍ॅक्यूट (अचानक किंवा गंभीर आजारी पडलेले). पॅलिएटिव्ह हे त्याच्यावर चढवायचं कौशल्य आहे. त्यामुळे आधी स्वतःला विचारा की मला कुणाच्या उशाशी बसायचंय आणि कुठे.

घरोघरी जाणारं हॉस्पिस, नर्सिंग होम, वृद्ध लोक: प्रौढ-वृद्ध प्रायमरी उत्तम. मी तोच घेतला, कारण म्हातारपणाचं शरीर, त्यातली औषधं, पडणं, विसरणं, हे त्यात सविस्तर शिकवतात. हॉस्पिटलमधल्या पॅलिएटिव्ह टीममध्ये जायचं असेल, आयसीयूत जाऊन कुटुंबाशी बोलायचं असेल, तर अ‍ॅक्यूटचा विचार करा, कारण कित्येक हॉस्पिटलं त्या कामासाठी तोच मागतात. छोट्या गावात जिथे एकच एनपी सगळं बघते, तिथे फॅमिली ट्रॅकचा फायदा होतो. मला एकदा विचारलं गेलं, "सहा वर्षांचं मूल आहे, जाशील का?" मनात असूनही जाता आलं नाही. माझ्या प्रमाणपत्रात ते वय बसत नव्हतं. लहान मुलांची ओढ असेल तर हे आधीच ओळखा. पदवी झाल्यावर ट्रॅक बदलायचा म्हणजे पुन्हा वर्गात बसणं आलं.

मास्टर्स की डॉक्टरेट? २००४मध्ये नर्सिंग कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेनं सुचवलं होतं की २०१५पर्यंत सगळ्यांनी डॉक्टरेटकडे वळावं. २०१५ कधीच मागे पडलं आणि मास्टर्स करून आजही एनपी होता येतं. शिकवायचं असेल, मोठ्या संस्थेत वर चढायचं असेल, तर डॉक्टरेट करा. रुग्णच बघायचे असतील तर आधी मास्टर्स करा, आणि पुढचं पुढे.

कॉलेज निवडताना लोक फी आणि ऑनलाइन आहे का एवढंच बघतात. मी तीन गोष्टी बघायला सांगेन. मान्यता आहे ना. तुमच्या राज्यात त्या कॉलेजच्या विद्यार्थ्याला क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण बघण्याचं शिक्षण, करायची परवानगी आहे ना. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रिसेप्टर, म्हणजे त्या तासांत हाताशी धरून शिकवणारी अनुभवी व्यक्ती, कोण शोधून देणार? माझ्या कॉलेजनं माहितीपत्रकात 'आम्ही मदत करतो' असं लिहिलं होतं. ती मदत म्हणजे दोनशे दवाखान्यांची एक जुनी यादी निघाली, त्यातले निम्मे नंबर बंद. एक सेमिस्टर मी नुसते फोन करत काढलं. म्हणून प्रवेश घेण्याआधी ई-मेल पाठवून लेखी विचारा: प्रिसेप्टर मिळाला नाही तर तुम्ही देणार का, आणि उशीर झाला तर फी कुणाची? २०२२च्या राष्ट्रीय मानकांनी रुग्णांसोबतचे किमान तास ५०० वरून ७५० केले आहेत. एवढे तास घ्यायला कुणी तयार नसलं, तर बाकीचं शिक्षण बासनात बांधून ठेवायचं.

तुमच्या एजन्सीचे मेडिकल डायरेक्टर तुमच्या वह्या बघून तुम्हाला ओळखत असतील, तर प्रिसेप्टरचा पहिला दरवाजा तिथेच आहे. पण सगळे तास हॉस्पिसमध्ये करू नका, आणि कॉलेजही करू देणार नाही.

बऱ्या होणाऱ्या माणसांचा धक्का

क्लिनिकलचा माझा पहिला दिवस एका साध्या फॅमिली दवाखान्यात होता. बावन्न वर्षांचा माणूस, रक्तदाब १५० वर ९५, बाकी ठणठणीत. मी त्याच्या औषधांची यादी बघितली आणि मनातल्या मनात विचार करायला लागले की यातलं काय काय बंद करता येईल. अकरा वर्षं मी औषधं कमी करत आले होते. प्रिसेप्टर हसून म्हणाल्या, "अगं, हा अजून तीस वर्षं जगणार आहे. वाढवायचंय."

हॉस्पिस नर्सनं याची तयारी ठेवावी. लसीकरणाचं वेळापत्रक, कोलेस्टेरॉल, मधुमेहाच्या गोळ्यांच्या नव्या जाती, निरोगी हृदयाचा आवाज, सगळं नव्यानं. मृत्यूच्या खोलीत सहज वावरणारी मी, सर्दीच्या रुग्णासमोर घामाघूम. वर्गातल्या आयसीयूच्या मुली व्हेंटिलेटरबद्दल बोलायच्या तेव्हा मी गप्प बसायचे. एकदा प्रिसेप्टरच्या रुग्णाला कर्करोगाचा रिपोर्ट सांगायचा होता. प्रिसेप्टर दोनदा खोकल्या, कागद खालीवर केले. मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय डॉक्टरांनी?" त्यानंतर त्या दवाखान्यात अशा प्रत्येक खोलीत मला बोलवायला लागले. तुमच्याकडे हे आहे, त्याची किंमत कमी लेखू नका.

शिकताना नोकरी चालू ठेवणार असाल तर केस मॅनेजरचं काम सोडून ठरावीक पाळ्यांचं काम घ्या. चौदा कुटुंबांना तुमची परीक्षा माहीत नसते. आणि एजन्सी फी भरते म्हणाली, तर करार नीट वाचा. बहुतेकदा नंतर दोन-तीन वर्षं तिथेच राहण्याची अट असते, आणि मधे सोडलं तर पैसे परत.

एनपी झाल्यावर नेमकं काय काम असतं

हॉस्पिसमध्ये एनपी काय करू शकते आणि काय नाही, हे अर्ज करण्याआधीच माहीत हवं. २००३च्या कायद्यापासून रुग्ण आपली अटेंडिंग, म्हणजे उपचारांची मुख्य जबाबदारी घेणारी, म्हणून एनपी निवडू शकतो. पण 'सहा महिने किंवा कमी' हे प्रमाणित करणारी सही डॉक्टरांचीच लागते, एनपीची चालत नाही. हे पचवायला काहींना जड जातं. आधीच पचवून ठेवा.

मग येतात फेस-टू-फेस भेटी. मेडिकेअरचे हॉस्पिसचे कालखंड असे: पहिला ९० दिवसांचा, दुसरा ९०, आणि त्यानंतर हवे तितके, प्रत्येकी ६०. तिसरा कालखंड सुरू होण्याआधीच्या ३० दिवसांत, आणि पुढच्या प्रत्येक कालखंडाआधी, डॉक्टरांनी किंवा एनपीनं रुग्णाला प्रत्यक्ष भेटायचं आणि काय दिसलं ते प्रमाणित करणाऱ्या डॉक्टरांना कळवायचं. २०११पासूनचा हा नियम. या भेटीचे वेगळे पैसे मेडिकेअर देत नाही, तो कागदोपत्री भाग धरतात. त्यामुळे काही एजन्सी एनपीला फक्त फेस-टू-फेसचं यंत्र करून ठेवतात: दिवसाला सात घरं, प्रत्येकी पंचवीस मिनिटं, घेर मोजा, निघा. मुलाखतीत थेट विचारा की आठवड्यात फेस-टू-फेस किती आणि लक्षणांसाठीच्या भेटी किती. उत्तर देताना समोरचा अडखळला की समजा.

रात्रीचं कुणाकडे असतं, मी सुट्टीवर असताना माझे रुग्ण कोण बघतं, मेडिकल डायरेक्टर फोन किती वेळात उचलतात, हेही विचारा. आधीची एनपी का सोडून गेली, हे शेवटी विचारा.

पॅलिएटिव्ह केअरची दुनिया थोडी वेगळी. तिथे एनपी बिल करते आणि मेडिकेअर डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के देतं. 'पुढे काय हवं, काय नको' या बोलण्यालाही २०१६पासून बिलाचा कोड आहे, ९९४९७, पण किमान १६ मिनिटं बोलणं झालेलं हवं आणि वेळ नोंदलेली हवी. मी नर्स असताना हेच बोलणं फुकटात, पायऱ्यांवर उभी राहून, शेकडो वेळा केलंय. आता घड्याळ बघून लिहिते, आणि त्याची लाज वाटत नाही.

एनपीला स्वतंत्रपणे काम करता येतं की डॉक्टरांशी करार लागतो, हे राज्यागणिक बदलतं. मॉर्फिनसारखी औषधं लिहायला डीईएची (अंमली औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याची) नोंदणी लागते, आणि त्यावरही राज्याच्या अटी असू शकतात. मैत्रिणीच्या राज्यातलं ऐकून ठरवू नका, आपल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा नियम स्वतः वाचा.

पहिल्या वर्षातली माझी सगळ्यात मोठी चूक औषधाची नव्हती. मी अजून नर्सच होते. घरात शिरले की ड्रेसिंग बदलायचे, चादर सरळ करायचे, सप्लायची ऑर्डर द्यायचे. एक दिवस तिथली केस मॅनेजर, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला गाडीपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "ताई, राग मानू नका. तुम्ही माझं काम करताय. मग तुमचं कोण करणार?" रुग्णाला मेथाडोन (दुखण्यावरचं आणखी एक ओपिऑइड) सुरू करून चार दिवस झाले होते आणि घरच्यांनी डोस वाढवायचा धोशा लावला होता. मेथाडोन शरीरात हळूहळू साठत जातं, पाच-सात दिवसांआधी वाढवलं तर माणूस आठवड्याच्या शेवटी गुंगीत जाऊ शकतो. हे त्या घरच्यांना बसून समजावणं आणि तोवर दुसरा उपाय देणं, हे माझं काम होतं, आणि मी चादर ओढत होते. परत आत गेले.

वय, आणि 'अर्धा डॉक्टर'

"आता या वयात?" असं विचारणाऱ्यांना मी सिसिली साँडर्स यांची गोष्ट सांगते. आधी त्या नर्स होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडावं लागलं, मग हॉस्पिटलात समाजसेवेचं काम केलं, आणि मरणाऱ्यांच्या वेदनांवर काम करायचं म्हणून वैद्यकीय शिक्षण घेऊन १९५७मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं ते आणखी दहा वर्षांनी, १९६७मध्ये. अमेरिकेत ती कल्पना रुजवणाऱ्या फ्लॉरेन्स वॉल्ड येल विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलच्या डीन होत्या. साँडर्स यांचं व्याख्यान ऐकलं आणि पुढे डीनपद सोडून या कामात उतरल्या, १९७४मध्ये कनेक्टिकटमध्ये हॉस्पिस उभं केलं.

आणि कुणी 'एनपी म्हणजे अर्धा डॉक्टर' म्हणालं, तर वाद घालू नका. १९६५मध्ये कोलोराडोत लोरेटा फोर्ड या नर्सनं बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांच्यासोबत पहिला एनपी अभ्यासक्रम सुरू केला, तो सार्वजनिक आरोग्याच्या नर्सेसचं काम बघून. ज्याला अर्धा डॉक्टर म्हणायचंय त्याला म्हणू द्या, तुम्ही लघवीचं माप बघा.

एनपी न होणंही चांगलं करिअर आहे, हे मी मनापासून सांगते. माझ्या बरोबरीची एक मैत्रीण एकोणीस वर्षं केस मॅनेजर आहे. आमच्या भागातले डॉक्टर तिचा फोन आला की पेन घेऊन बसतात. तिला सह्या नकोत, मीटिंगा नकोत. तिनं नव्या नर्सेसना शिकवण्याचं काम वाढवून घेतलंय आणि ऑन-कॉल कमी करून घेतलाय. पगार एनपीपेक्षा कमी आहे, ते खरं. तिला चालतं.

शेवटचे कागद

पदवी मिळाली की लगेच राजीनामा देऊ नका. राष्ट्रीय परीक्षा, राज्याचं लायसन्स, डीईए, मग विमा कंपन्यांकडची नोंदणी, एकामागून एक रांग असते आणि त्यात महिने जातात. मी ते महिने वीकेंडच्या ऑन-कॉलवर काढले. आणि एनपीचं लायसन्स आरएनच्या लायसन्सवर उभं असतं, आरएन लॅप्स झालं की वरचंही गेलं. दोन्हींच्या नूतनीकरणाच्या तारखा वेगळ्या असू शकतात, त्या एकाच कॅलेंडरवर टाका. माझी आरएनची तारीख एकदा नऊ दिवसांवर आली होती तेव्हा लक्षात आली, तेही शिक्षणाचे चार तास कमी असताना.